पाटलाचा पंचा

दुपारी बारा ते तीन या वेळात करंजवाडीचा पोलीस पाटील मेलेला असे. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच तसं सांगायचा. "तोंडावर पंचा टाकला का गोमा पाटील मेला. मंग गावात हत्ती येव दे नायतर कलेक्टर येव दे."

जेवण झालं की तो ओसरीच्या पार आतल्या अंगाला, जिथे दिवसाही अंधार असायचा तिथे, घोंगडी पसरायचा आणि आडवा व्हायचा. खांद्यावरचा पंचा झटकून तोंडावर ओढायचा. दोन मिनिटांत घोरणं सुरू व्हायचं. समोर ओटा, ओट्यापुढे अंगण आणि अंगणात रणरणतं ऊन.

याच तीन तासांत गावचा न्याय व्हायचा. करंजवाडीत जे काही हरवायचं, म्हणजे चोरीला जायचं, चुकून जायचं किंवा मोहाने जायचं, ते या वेळात गुपचूप पाटलाच्या ओट्यावर येऊन पडायचं. कोणी आणून ठेवलं हे कोणी पाहायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. तीनच्या सुमारास पाटील उठायचा, चूळ भरायचा आणि ओट्याकडे बघून दचकायचा. "आरं, ह्यो तांब्या कोनाचा? कदी आला?" हे इतक्या भाबड्या आश्चर्याने विचारायचा, की तो तांब्या ओट्यावर उगवला असावा असं नव्या माणसाला वाटावं.

नवा माणूस म्हणजे मी. स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मला बाविसावं वर्ष लागलं होतं, आणि एकशिक्षकी शाळेचा मास्तर म्हणून माझी तिथे नेमणूक झाली होती. बदलापूर स्टेशनला उतरायचं, सोनिवलीची वाट धरायची आणि पुढे पाऊण तास चालायचं, की चाळीसएक घरांची करंजवाडी लागायची. माझी खोली पाटलाच्या घराला लागूनच होती आणि शाळा घराच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर. मी येताना दोन कुलपं आणली होती, एक शाळेला आणि एक खोलीला. पहिल्याच दिवशी खोलीला कुलूप लावताना पाटलाने मला पाहिलं.

"मास्तर, आत काय हाय?"

"वळकटी, पुस्तकं, दोन सदरे."

"येवढंच ना? मंग साऱ्या गावाला कशाला सांगतंव, आत कायतरी हाय म्हनून?"

करंजवाडीत कुलूप नव्हतंच. लावणीच्या दिवसांत अख्खं गाव शेतावर असायचं आणि घरं सताड उघडी. दाराच्या चौकटीत एक काठी आडवी टेकवलेली असली म्हणजे घरात कोणी नाही, आत जायचं नाही. कोंबडीसुद्धा त्या काठीखालून जाताना जरा विचार करायची असं पाटील म्हणे. कोंबडीचं मला माहीत नाही, पण महिन्याभरात मीही काठी लावायला लागलो. कुलपं ट्रंकेत गेली आणि तिथेच गंजली.

दिसायला गोमा पाटील ठेंगणा, काळा आणि काटक होता. एका कानाची पाळी बैलाच्या शिंगाने फाटली होती. सरकारने दिलेला पितळी बिल्ला खुंटीला लटकत असायचा, आणि त्याच खुंटीला मंजुळाबाय, म्हणजे पाटलीण, आपली चाळण अडकवायची. सरकारी काठीने चिंचा पाडल्या जात. अधिकारी गावात यायचा असला की बिल्ला शोधायला अर्धा तास जायचा. पण अधिकारी सहसा येत नसे, कारण करंजवाडीची फिर्यादच कधी गावाबाहेर जात नसे. पाटलाचा सगळा कारभार एका वाक्यावर चालायचा. "वस्तू घरी आली ना? मंग मानूस कशाला हुडकतंस?"

ओट्याच्या या रिवाजाची परीक्षा मी स्वतः डोळ्यांनी पाहिली. पांडू नावाच्या शेतकऱ्याचा कोंबडा गेला होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी तो पाय बांधलेला कोंबडा ओट्यावर आला. भांडी मुकाट पडून राहतात, कोंबडा थोडाच राहणार! त्याने पाटलाकडे तोंड करून जी बांग द्यायला सुरुवात केली, की माझी शाळा बंद पडली. पाटील हलला नाही. तेवढ्यात पांडू तिथून चालला होता. त्याने आपला कोंबडा ओळखला आणि ओरडला, "पाटील, माझा कोंबडा! उठा!"

पंच्याखालून आवाज आला, "मेलेल्या मानसाला हाका मारू नको. तीन वाजता ये."

पांडू उन्हात तीन वाजेपर्यंत बसला, पण ओट्यावर चढला नाही. नियम म्हणजे नियम.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी बायकोलासुद्धा पुष्कळ वर्षं सांगितली नव्हती. गावात जमिनीच्या मोजणीसाठी माणसं आली होती, आणि त्यांचा कारकून चार दिवस शाळेत बसून नकाशे लिहीत होता. तो गेल्यावर टेबलाखाली त्याचं फाउंटन पेन सापडलं. हिरवं, सोनेरी टोपणाचं. माझ्याजवळ दौत आणि टाक. मी ते पेन उचललं, म्हटलं, येईल तेव्हा देऊ. मग त्या पेनाने घरी एक पत्र लिहिलं. मग हजेरी लिहिली. मग पाटलाचे दोन अर्ज लिहून दिले. आठ दिवसांनी कारकुनाचा निरोप आला, पेन सासऱ्याने दिलेलं आहे, कुणाला मिळालं का? मी निरोप्याला "नाही" म्हणालो. आपल्या तोंडातून ते इतक्या सहज कसं आलं, याचं मला आजही नवल वाटतं.

पुढचे चार दिवस जेवण गोड लागलं नाही. मुलांना "खरे बोलावे" हा धडा शिकवायचा होता, तो मी आजाराचं निमित्त करून टाळला. पाचव्या दिवशी दुपारी मुलांना पाढे म्हणायला बसवलं आणि पेन सदऱ्यात लपवून पाटलाच्या अंगणात गेलो. आतून घोरणं ऐकू येत होतं. अंधारात पंच्याचा पांढरा ठिपका तेवढा दिसत होता. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात पेन ठेवलं आणि पळालो. बावीस वर्षांचा बाप्या माणूस, धोतर आवरत पळालो.

तीन वाजता पाटलाची आरोळी आली, "आरं, ह्यो पेन कोनाचा?" पेन कारकुनाकडे गेलं आणि मी सुटलो. महिन्याभराने पाटलाचा एक अर्ज लिहीत होतो. तो कागदाकडे बघत म्हणाला, "मास्तर, हल्ली तुमचं अक्षर जरा उतरलंय." मी म्हटलं, टाकाचं निब झिजलंय. "मंग बरोबर," तो म्हणाला, आणि तंबाखू मळत बसला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्या बोलण्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही.

त्याच सुमाराला टेकचंद आमच्या गावात यायला लागला. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये, लष्कराने सोडलेल्या बराकीत, तरटाचे पडदे लावून केलेल्या अर्ध्या खोलीत तो आई आणि बायकोसह राहत होता. आठवड्यातून एकदा सायकलवर कापडाचं गाठोडं आणि घरचे पापड घेऊन यायचा. सिंधमध्ये, हैदराबादेत, त्याचं दुमजली घर होतं. छतावर वारा धरून खाली खोलीत सोडणारे झरोके होते, असं तो हातांनी वारा ओढून दाखवायचा. पाटलीण म्हणायची, "वारा घरात आनाया पन सोय! मोठा मानूस व्हता गं."

फाळणीत मागे राहिलेल्या त्या घराच्या भरपाईचा आता सरकारदरबारी दावा चालला होता. टेकचंद त्याला 'क्लेम' म्हणायचा. घराची जुनी खरेदी आणि सरकारी कागद असं सगळं तो एका काळ्या पिशवीत घालून कायम बरोबर बाळगायचा. बराक गळायची, म्हणून घरी ठेवायची त्याला भीती. विकायचे पापडही त्याच पिशवीत वरून ठेवलेले असत. एका सोमवारी तो विहिरीवर पाणी प्यायला, हातपाय धुतले, वळून पाहिलं तर सायकलच्या दांडीवरची पिशवी नाही.

मी शाळेतून धावत गेलो तेव्हा तो पाटलाच्या ओट्यावर डोकं धरून बसला होता. "पाटील साईं, एक बार घर उधर गया. अब इधर भी गया." शुक्रवारी त्याची तारीख होती. मूळ खरेदीचा कागद दाखवला नाही तर दावा बुडाला. तो म्हणाला, "मैं पुलिस में जाता."

पाटलाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "टेकूशेट, जा. तुमचा हक्क हाय. पन फौजदार आला का आदी काठी पडनार ती कातकरीवाडीवर. त्याइची चूक आसो नायतर नसो. आन कागद ज्याच्याजवल आसंल तो भिऊन चुलीत घालंल. मंग तुमाला काय भेटंल? मला तीन दिस द्या."

टेकचंदने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पेनवाल्या माणसाचा त्या ओट्यावर विश्वास असणारच.

मंगळवारी दुपारी पिशवी आली. पापड नव्हते, ते गृहीतच होतं. इंग्रजी टाइपाचे सरकारी कागद घडीसुद्धा न मोडता होते. नव्हता तो फक्त एक, जुना खरेदीचा, राजाच्या डोक्याचा छाप असलेला जाड स्टॅम्पाचा कागद. नेमका तोच.

पाटलाला काही उमजेना. "समदे ठेवले, मंग ह्योच का नेला? कसा व्हता तो?" मी म्हटलं, तो सिंधीत लिहिलेला होता. उर्दूसारखी अक्षरं, उजवीकडून डावीकडे जातात. "म्हंजे कशी?" मला काही काढून दाखवता येईना. पाटलाने पिशवीतला एक पातळ सरकारी कागद चिमटीत धरून पाहिला. मग त्याने मंजुळाबायला विचारलं, "सुपं लिंपाया घेतली का गो बायांनी?"

"कालपासून घेतलीत की."

आमच्याकडे बायका सूप टिकावं म्हणून मेथ्या आणि कोऱ्या कागदाचे तुकडे भिजवून, कुटून, त्याचा लगदा सुपाला लिंपत. एखादा दळदार कागद हाती लागला तर तो कुटत नसत, तांदळाच्या खळीने सुपाच्या पाठीला अख्खाच चिकटवत. पण अक्षराचा कागद मात्र करंजवाडीची एकही बाई भिजवायची नाही. निरक्षर बाया, पण छापील चिटोरं पायाखाली आलं तर उचलून कपाळाला लावायच्या. त्यामुळे इंग्रजी कागद जसेच्या तसे परत आले. सिंधी लिपी त्या गावात कोणी जन्मात पाहिली नव्हती. ज्या कोणी बाईने तो कागद घेतला होता, तिला ते लिहिणं दिसलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी पाटलाने टेकचंदला बोलावून घेतलं आणि शेतावर निघालेल्या बायांना अंगणात थांबवलं. टेकचंदच्या हातात काठी दिली. "शेट, तुमच्या आयचं नाव लिवा. जिमिनीवर. मोठं."

टेकचंदने धुळीत लिहायला सुरुवात केली, उजवीकडून डावीकडे. बाक, ठिपके, पुन्हा बाक. मग बायकोचं नाव, मग आपलं. पाटील म्हणाला, "बायांनो, ही नक्षी नाय. ही अक्षरं हायती. ही ह्याची आय, ही बायको, ह्यो तो सोता. असल्याच अक्षरांचा एक कागद गेलाय. त्याच्यात ह्याचं घर लिवलंय. ह्याच्याजवल आता तेवढंच घर हाय."

 त्या लिहिण्याच्या कडेला ज्यांचे पाय होते, त्या सगळ्याजणी दोन पावलं मागे सरकल्या. एका म्हातारीने वाकून धूळ कपाळाला लावली. पाटील म्हणाला, "मी काय कोनाला इचारत नाय. आज दुपारी मी लवकर मरनार हाय." आणि खरोखरच तो अकरा वाजताच जेवून आडवा झाला.

मी शाळेत होतो, पण शिकवण्यात लक्ष नव्हतं. कागद कुटला गेला असेल तर? तो चिखल टेकचंदच्या आईपुढे कोण नेऊन ठेवणार? दोनच्या सुमाराला घोरणं एकाएकी थांबलं. पाटील तीनच्या आधी कधी उठला नव्हता, तो त्या दिवशी उठला. मी धावलो तोवर त्याने ओट्यावरची वस्तू आपल्या पंच्यात गुंडाळली होती. आकारावरून कळत होतं, सूप होतं.

"बघू तरी द्या!"

"कागद हाय. आख्खा हाय. राजाचं टकुरं पन शाबूत हाय."  पंचा मात्र सोडेना. नंतर माझ्या ध्यानात आलं. प्रत्येक घरच्या सुपाची वीण आणि काठाचा दोरा निराळा असतो आणि गावातल्या बाया एकमेकींची सुपं लांबून ओळखतात. त्या बाईने काठ कापून टाकला होता, तरी वीण कशी लपणार? परत द्यायला येताना ती आपलं नावच ओट्यावर ठेवून गेली होती.

गुरुवारी आम्ही बैलगाडीने निघालो. अंबरनाथला शिवमंदिराशी पाटील उतरला, बाहेरूनच हात जोडले आणि परत येऊन सूप मांडीवर घेऊन बसला. गाडीच्या धक्क्याने कागद उसवेल म्हणून त्याने ते सबंध वाट मांडीवरच ठेवलं. रात्र टेकचंदच्या बराकीत काढली. शुक्रवारी सकाळी आम्ही कचेरीत गेलो तेव्हा टेकचंदची आई आणि बायकोही बरोबर होत्या.

आत पाटलाने पंचा सोडला आणि सूप साहेबाच्या टेबलावर उपडं ठेवलं. साहेबाने चष्मा वर केला, खाली केला. "ये क्या है?"

"घर हाय," पाटील म्हणाला.

मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. साहेब ऐकत होता आणि बोटाने ओळी लावत होता. त्याला ती लिपी येत होती. मेथीच्या लगद्याखाली दीड ओळ गेली होती. नाव, गल्ली, सही, शिक्का, सगळं जागेवर. त्याने विचारलं, "किसने किया ये?"

 पाटील म्हणाला, "माझ्या बायकूनं. येडी हाय ती जरा."

साहेब हसला. शिपायाला ओली फडकी आणायला सांगितली, पण खळ अशी बसली होती की कागद सुटेना. शेवटी त्याने एका लेखनिकाला समोर बसवून नक्कल उतरवून घेतली आणि मूळ कागद पाहिल्याचा शेरा मारून सही केली. "ये छाज सँभाल के रखना," तो टेकचंदला म्हणाला. आमच्या सुपाला त्यांच्याकडे छाज म्हणतात हे मला तिथे कळलं.

शिक्का लागायला अजून वेळ होता. मी बाहेर कचेरीच्या अंधाऱ्या पडवीत बाकावर टेकलो. पाटलाने पंचा माझ्याकडे दिला होता. दोन रात्री नीट झोप नव्हती. डोळ्यांवर उजेड नको म्हणून मी पंचा तोंडावर टाकला.

आणि मला सगळं दिसलं.

धुऊन धुऊन विरलेला तो पंचा. अंधारातून उजेडाकडे बघताना तो जणू नव्हताच. समोरचं अंगण, नळावरच्या बादल्या, टेकचंदच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण, सगळं स्पष्ट. त्याच्या म्हाताऱ्या आईने सूप छातीशी धरलं होतं आणि ती त्या कागदावरून बोट फिरवत होती. आणि त्यांच्यापासून जरा दूर, भिंतीकडे तोंड करून, गोमा पाटील रडत होता. फाटक्या कानाचा तो कणखर माणूस बाहीने डोळे पुसत होता, इकडेतिकडे बघत होता आणि परत पुसत होता. आपल्याला कोणी बघत नाही अशी त्याची खात्री होती.

 ओट्याचा डावा कोपरा मला आठवला. हिरवं पेन आठवलं, धोतर आवरत पळणारा मास्तर आठवला. "हल्ली तुमचं अक्षर जरा उतरलंय." इतकी वर्षं या माणसाने गावातला प्रत्येक हात पाहिला होता. तांब्याचा, कोंबड्याचा, सुपाचा आणि माझा. आणि रोज संध्याकाळी त्याच माणसांशी तो तंबाखू वाटून खात होता. मला लाज वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरला. ज्याला माझं सगळं ठाऊक होतं, त्यानेच मला शेजारी म्हणून ठेवून घेतलं होतं.

पाटील जवळ आला. मी डोळे मिटून घेतले.

"मास्तर, झोप लागली का?"

"लागली होती."

"मंग काय दिसलं नाय ना?"

"नाय," मी म्हणालो. "पंचा टाकला की माणूस मेलेला."

त्याने माझ्या तोंडावरचा पंचा उचलला, क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावर टाकला. पुढे त्या विषयावर आम्ही दोघे कधी बोललो नाही.

बोलली ती मंजुळाबाय. आपण सूप बिघडवल्याचं आणि येडी असल्याचं नवऱ्याने साहेबाला सांगितलं, हे तिला टेकचंदकडून कळलं तेव्हा तिने दोन दिवस पाटलाला जेवण वाढलं, पण ती एक शब्द बोलली नाही. "येडी म्हन, चालंल. पन माझं लिंपन इतकं गचाल?" हे दुःख तिला जन्मभर पुरलं. टेकचंदचा दावा मंजूर झाला, कॅम्पात त्याला दुकानाचा गाळा मिळाला, आणि ते सूप गल्ल्याच्या वर भिंतीला लागलं. त्याने पाटलाला चांगला जाड टर्किश टॉवेल आणून दिला. पाटलाने तो कौतुकाने उशाला घेतला. तोंडावर मात्र जुनाच पंचा.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. निघालो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि पाटील मेलेला होता. गाडी अंगणाबाहेर थांबवून मी उतरलो. या वेळी पळालो नाही, चोरपावलांनीही गेलो नाही. ओट्यासमोर भर उन्हात उभा राहिलो, आतल्या त्या पांढऱ्या ठिपक्याकडे सरळ बघितलं आणि दोन्ही हात जोडून खाली वाकलो.

घोरणं थांबलं. पंचा नाकापाशी जरासा हलला. मग घोरणं पुन्हा सुरू झालं, नेहमीपेक्षा बरंच मोठ्याने.